झाडं संपतात तिथं

बापानं हे झाड दाखवलं तेव्हा मी सात वर्षांची.
म्हणाला, गाद्या, हात लाव. हे शेवटचं.
याच्यापुढं पाइन नाही, नुसते खुरटे भूर्ज,
भूर्ज संपले की शेवाळ,
शेवाळ संपलं की खडक,
आणि खडकाचंही जिथं काही चालत नाही
तिथं समुद्र.

झाड माझ्या बापाच्या मनगटाएवढं.
मला हसू आलं.
तो काही बोलला नाही. शेजारी वाळून पडलेल्या
त्याच्याच भावंडाचं खोड त्यानं करवतीनं कापलं,
कापावर थुंकी चोळली,
म्हणाला, मोज.
एकशे चाळीसच्या आसपास माझं बोट घसरलं.
पुन्हा मोज, म्हणाला.
त्यालाही घाई नव्हती.

आता मी एकसष्टची. कळप भावाकडे,
माझ्याकडे कुंपण. अकरा किलोमीटर तार,
आणि दोन गुडघे, त्यातला एक बरा.
जानेवारीत पाऊस पडतो हल्ली.
पडतो आणि गोठतो,
शेवाळावर काचेचं झाकण बसतं.
रेनडिअर खुरांनी खरवडत राहतात,
रिकाम्या ताटात चमचा फिरावा तसा आवाज
रात्रभर दरीतून येतो.
इस्सात शहरातून चाऱ्याची पोती आणतो,
पोत्यांकडे बघत नाही.

खाली नदीच्या तोंडाशी
भलत्याच समुद्रातला कुबड्या सालमन शिरतो
एक वर्षाआड, झुंडीनं.
आस्लाक कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून
मासे निवडतो: हा आपला, हा नाही.
हा आपला.
संध्याकाळी त्याला पेला धरवत नाही.
कोल्हाही बदललाय. पांढरा होता, तांबडा आलाय,
अंगानं दांडगा,
पांढऱ्याच्याच बिळात राहतो.

ऑगस्टमध्ये पिवळ्या बेऱ्या वेचायला
फ्योर्डच्या अंगाला उतरले होते.
कॉड वाळवायच्या जुन्या मांडवामागं,
जिथं लहानपणी आम्ही माशांच्या जिभा कापून
खाऊचे पैसे मिळवायचो,
तिथं शेवाळातून वर आलेलं
पाइन.
गुडघ्याएवढं. म्हणजे बऱ्या गुडघ्याएवढं.
बसले. फांद्यांचे मजले मोजले. सात.
दर वर्षी बोटभर वाढलंय,
जसं काही कुणी बोलावलंय.

कुणाला विचारून आलास, म्हटलं मी.
मोठ्यानं.
एक टर्न पक्षी डोक्यावर किंचाळून गेला,
तेवढंच.

आनंद झाला का? झाला असावा,
बादली तिथंच विसरून घरी आले.
रात्री मात्र झोप लागेना.
हे जर शेवटचं
तर बापानं ज्याला हात लावायला लावला ते कोण?

विद्यापीठातली इंगुन दर सप्टेंबरला येते,
झाडांच्या रेषेचे आकडे घ्यायला.
चांगली मुलगी. बूट दाराबाहेर काढते,
कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले तर
तोंड वाकडं न करता खाते.
यंदा काही नवीन दिसलं का, तिनं विचारलं.
तिची पेन्सिल तयार होती.
काही नाही, म्हटलं मी,
आणि तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

तिला पुढच्या वर्षी सांगेन.
किंवा ती स्वतःच पोचेल तिथं, तिला पाय आहेत.

आता बर्फ आहे. मांडव निम्मा बुडालाय,
सगळं सपाट, निळसर,
सूर्य महिनाभर फिरकलेला नाही.
ते कुठं आहे हे वरून कुणाला सांगता येणार नाही.
इस्सात स्कूटर सरळ काढतो,
मी मागं बसलेली. त्याच्या खांद्यावर थाप मारते:
डावीकडून घे.
का? त्याला इंजिनात ऐकू येत नाही,
पुन्हा ओरडतो, का?

दगड आहे, म्हणते मी.